जोनास हॅनवे आणि गरिबांच्या मुलांचे जहाज

लंडन शहरात पावसात छत्री उघडून चालणारा पहिला पुरुष म्हणून जोनास हॅनवे यांचे नाव इंग्लंडात आजही सांगितले जाते. छत्री ही बायकांची वस्तू अशी त्या काळची समजूत होती. भाड्याच्या घोडागाड्या हाकणारे आणि खुर्चीच्या पालख्या वाहणारे भोई त्यांची हेटाळणी करीत, कारण पाऊस हाच त्यांच्या कमाईचा हंगाम. हॅनवे यांनी सुमारे तीस वर्षे लोकांचे हसणे सहन केले, पण छत्री सोडली नाही. पुढे लंडनच्या सगळ्याच पुरुषांनी छत्री उचलली आणि हसणारे विसरले गेले.

हा किस्सा गमतीचा आहे. परंतु या स्मरणिकेत त्यांचे चरित्र द्यावे असे आम्हांस वाटले ते त्यासाठी नव्हे. रस्त्यावर वाढणाऱ्या, अंगावर धड कपडा नसलेल्या मुलांना समुद्रावरील कामासाठी तयार करण्याचे व्रत ज्या संस्थेने प्रथम घेतले, ती 'मरीन सोसायटी' हॅनवे यांनी उभी केली. तिला २६० हून अधिक वर्षे होऊन गेली. आणि गरिबाच्या मुलाला नुसते कामावर धाडणे वेगळे आणि कामासाठी घडवणे वेगळे, हा फरक त्या संस्थेला कळायला तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांची हकीकत वसतिगृहे आणि शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

हॅनवे यांचा जन्म १७१२ साली पोर्ट्स्मथ येथे झाला. हे इंग्लंडच्या आरमाराचे बंदर. वडील आरमाराला धान्यसामग्री पुरवण्याच्या कामावर होते. ते मुलांच्या लहानपणीच वारले आणि आईने मुलांना घेऊन लंडन गाठले. एक भाऊ आरमारात अधिकारी झाला. जोनास यांना वयाच्या सतराव्या वर्षी, १७२९ मध्ये, पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस धाडण्यात आले. तेथे त्यांनी हिशेब, मालाची पारख आणि परक्या देशात राहण्याची रीत शिकून घेतली. स्वतः कोवळ्या वयात घर सोडून धंदा शिकलेला हा माणूस; पुढे ज्या मुलांना त्यांनी घराबाहेर काढले, त्यांच्या मनाची थोडी तरी ओळख त्यांना असावी.

१७४३ मध्ये ते रशियाशी व्यापार करणाऱ्या एका पेढीचे भागीदार झाले व सेंट पीटर्सबर्गला गेले. त्याच वर्षी इंग्रजी कापडाचा माल घेऊन व्होल्गा नदीने ते कास्पियन समुद्रापर्यंत आणि तेथून इराणात उतरले. अस्त्राबाद येथे बंडखोरांनी त्यांचा सगळा माल लुटला. जीव वाचवून, हाल सोसत, ते थेट नादिरशहाच्या छावणीत फिर्याद घेऊन गेले. दिल्लीची कत्तल आणि मयूरासनाची लूट करून या नादिरशहाला परतून तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. शहाने नुकसानभरपाईचा हुकूम दिला आणि बहुतेक मालाची किंमत त्यांना परत मिळाली. मात्र त्या वसुलीसाठी बंडखोरांना कोणत्या शिक्षा झाल्या तेही त्यांना जवळून पाहावे लागले. १७५३ साली त्यांनी या प्रवासाचे वर्णन चार खंडांत छापले. त्यात नादिरशहाचे चरित्रही आहे, त्यामुळे हिंदुस्थानचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही हॅनवे हे नाव परके नाही.

१७५० साली ते लंडनला कायमचे परतले. गरजेपुरता पैसा गाठीशी होता, लग्न केलेले नव्हते. येथून पुढची छत्तीस वर्षे त्यांनी लोकोपयोगी कामात घालवली. त्यांनी लहानमोठी सत्तरहून अधिक पुस्तके व पत्रके लिहिली. त्यांतील बरीच कंटाळवाणी आहेत हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. चहा पिण्याने राष्ट्राचे नुकसान होते असा एक निबंध त्यांनी लिहिला, तेव्हा कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी त्याची जाहीर खिल्ली उडवली. ती खिल्ली वाचनीय आहे, निबंध नाही.

एक गोष्ट येथेच नोंदवणे आम्ही आवश्यक समजतो. १७५३ साली इंग्लंडात राहणाऱ्या परदेशी ज्यूंना नागरिकत्व देण्याचा कायदा झाला. त्याविरुद्ध जो गदारोळ उठला त्यात हॅनवे विरोधकांच्या बाजूस होते. अनाथ मुलांबद्दल ज्यांचे हृदय इतके कोमल, त्यांना एका बहिष्कृत समाजाची व्यथा उमगली नाही. थोरांच्या चरित्रांतून अशी पाने गाळण्याची चाल आपल्याकडे आहे. आम्हांस ती पसंत नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. १७५६ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यात सप्तवार्षिक युद्ध सुरू झाले. आरमाराला हजारो माणसे हवी होती आणि ती मिळत नव्हती. सरकारच्या सक्तीच्या टोळ्या बंदरांतून फिरत व खलाशी दिसला की त्याला पकडून जहाजावर चढवीत. दुसरीकडे लंडनच्या रस्त्यांवर आईबापांविना भटकणारी मुले शेकड्यांनी होती. भीक, चोरी, तुरुंग आणि फाशी हाच त्यांचा ठरलेला मार्ग, कारण त्या काळी किरकोळ चोरीलाही फाशी होत असे. बो स्ट्रीटचे अंध न्यायाधीश जॉन फील्डिंग यांच्यापुढे अशी मुले रोज उभी राहत. त्यांतल्या काहींना शिक्षा देण्याऐवजी कपडे देऊन आरमारात पाठवावे, असा प्रयोग फील्डिंग यांनी त्या वर्षाच्या आरंभी करून पाहिला होता. तोच धागा हॅनवे यांनी उचलला. जून १७५६ मध्ये त्यांनी लंडनच्या काही व्यापाऱ्यांना आणि जहाजमालकांना एका खानावळीत जमवले आणि मरीन सोसायटीची स्थापना झाली.

काम साधे होते व म्हणूनच ते चालले. मुलगा स्वखुशीने येत आहे ना हे पाहायचे. त्याचे नाव, वय, उंची व पालकांचा ठावठिकाणा वहीत लिहायचा. त्याला स्वच्छ आंघोळ घालायची, अंगावरच्या चिंध्या काढून टाकायच्या आणि नवे कपडे द्यायचे: टोपी, जाड लोकरीचा कोट, सदरे, विजारी, मोजे, बूट, शिवाय सुईदोरा, चाकू, एक धर्मपुस्तक आणि हे सगळे ठेवायला पिशवी. मग त्याला जहाजावर पोचते करायचे.

वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मिळालेल्या कपड्यांच्या जोडीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. परंतु येथे त्यामागे दयेखेरीज एक रोकडे कारणही होते. तुरुंगांतून आणि गलिच्छ वस्त्यांतून आलेल्या चिंध्यांमधील उवांबरोबर टायफसचा ताप जहाजावर चढे आणि दाटीवाटीने राहणाऱ्या खलाशांत वणव्यासारखा पसरे. या युद्धात इंग्रजी आरमाराने शत्रूच्या तोफांनी जितकी माणसे गमावली त्याच्या कितीतरी पट रोगांनी व पलायनाने गमावली. कपडे रोगाला वाहून नेतात हे त्या काळच्या वैद्यांना नीट उमगले नव्हते. तरी जुने कपडे काढून टाकले की ताप कमी होतो एवढे अनुभवाने दिसत होते. एका मुलाची आंघोळ ही अशा रीतीने साऱ्या जहाजाची राखण ठरली. हॅनवे हे व्यापारी होते. दान देणाऱ्यांना त्यांनी दयेइतकाच हा हिशेबही सांगितला. राजा दुसरा जॉर्ज याने १००० पौंड दिले आणि वर्गणीदारांची यादी लांबत गेली. कोणी किती दिले आणि ते कशावर खर्च झाले हे छापून जाहीर करण्याचा त्यांचा परिपाठ होता. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तो आजही गिरवावा.

आरमारात या मुलांना जागा कोठे मिळे? जहाजावरील दर १०० माणसांमागे कप्तानाला ४ नोकर ठेवण्याचा हक्क असे. इतर अधिकाऱ्यांनाही ठराविक नोकर मिळत. या 'नोकर' नावाच्या जागांवर मुले चढत. काही खरोखरच ताटे उचलीत, पण पुष्कळशी मुले दोरखंड ओढणे, शिडे आवरणे, तोफेपर्यंत दारू पोचवणे शिकत शिकत खलाशी बनत. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बड्या घरचे मुलगेही अनेकदा याच 'नोकर' नावाखाली जहाजावर येत. त्यांच्यासाठी ती अधिकारी होण्याची पहिली पायरी असे. सोसायटीच्या मुलांसाठी मात्र ती पायरी बहुधा पहिली आणि शेवटची ठरे. एकाच जागेवर उभी असलेली दोन मुले, आणि दोघांचे भविष्य आधीच ठरलेले. हॅनवे यांना या व्यवस्थेत काही वावगे वाटले नाही. गरिबाने उद्योगी, सदाचारी आणि राष्ट्राच्या उपयोगी व्हावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्याने कप्तान व्हावे असे स्वप्न त्यांनी पाहिलेले आढळत नाही. आजच्या वाचकाला हे खटकेल आणि ते खटकावेच.

१७६३ साली युद्ध संपले. तोवर सोसायटीने ५,४५१ मुले व ४,७८७ प्रौढ माणसे, मिळून १०,२३८ जणांना कपडे देऊन समुद्रावर धाडले होते. एका खासगी संस्थेच्या मानाने ही संख्या थक्क करणारी आहे. तथापि शांतता झाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. आरमाराने खलाशांना काढून टाकले. जी मुले सात वर्षांपूर्वी रस्त्यावरून उचलली होती ती तरुण होऊन पुन्हा त्याच रस्त्यांवर येण्याची वेळ आली. त्यांना दोरखंडाची गाठ मारता येत होती, वादळात डोलकाठीवर चढता येत होते. पण जमिनीवर पोट भरण्याजोगे दुसरे काही येत नव्हते. सोसायटीने काहींना व्यापारी जहाजांवर, काहींना कारागिरांकडे उमेदवारीस लावून दिले. त्यातच पैसा संपला आणि काम थांबले. हॅम्बुर्ग येथे राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने मृत्युपत्राने मोठी रक्कम ठेवली होती. ती कोर्टाच्या फेऱ्यांतून सुटल्यावर संस्थेने पुन्हा मुले घेण्यास आरंभ केला. १७७२ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिला कायमचे स्वरूप मिळाले. आता मुले आरमाराबरोबरच व्यापारी जहाजांवर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरही जाऊ लागली.

संस्थेच्या वह्यांत नोंदलेल्या उंचीची एक वेगळीच कथा आहे. सुमारे दोनशे वर्षांनंतर इतिहाससंशोधकांनी त्या आकड्यांचा अभ्यास केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या गरीब वस्तीतील तेरा वर्षांचा मुलगा सरासरीने जेमतेम सव्वाचार फूट भरत होता. लष्करी विद्यालयात जाणारी सधन घरची मुले त्याच वयाला कित्येक इंचांनी उंच होती. वंश एक, देश एक. फरक मुख्यतः अन्नाचा आणि राहणीमानाचा. जन्मानेच काही माणसे खुजी व दुबळी असतात असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर आम्हांस माहीत नाही, आणि ते उत्तर एका धर्मादाय संस्थेच्या कारकुनांनी नकळत लिहून ठेवले.

या मधल्या वर्षांत हॅनवे यांनी आणखी पुष्कळ कामे अंगावर घेतली. १७६२ ते १७८३ ते आरमाराच्या अन्नपुरवठा खात्याचे एक आयुक्त होते, म्हणजे ज्या कामावर वडील होते त्याच खात्याच्या वरिष्ठ पदावर. लंडनच्या गरीबघरांत ठेवलेली तान्ही मुले मोठ्या संख्येने मरत; ते स्वतः त्या घरांतून हिंडले, नोंदी गोळा केल्या आणि त्यांच्या खटपटीने १७६२ व १७६७ साली दोन कायदे झाले. पहिल्याने प्रत्येक अर्भकाची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. दुसऱ्याने शहरातील अशा मुलांना बाहेर मोकळ्या हवेत, खेड्यातील दायांकडे वाढवण्याची सक्ती झाली. धुराड्यांत शिरून काजळी काढणाऱ्या चिमुरड्या मुलांसाठीही ते लिहीत राहिले. त्यांच्याबाबतचा पहिला कायदा हॅनवे यांच्या मृत्यूनंतर, १७८८ मध्ये झाला.

परंतु १७६३ सालचा धडा त्यांच्या मनातून गेला नव्हता. वीस वर्षांनी, १७८३ मध्ये, त्यांनी एक योजना छापली. प्रत्येक परगण्यात पडीक जमिनीवर गरीब मुलांसाठी मोफत नाविक शाळा काढाव्यात. मुलांनी तेथे जहाजाचे काम शिकावे. शिवाय स्वतःचे धान्य पिकवावे, सूत काढावे, विणावे, बूट शिवावे, दोर वळावेत, जाळी व शिडे बनवावीत. हेतू हा की समुद्रावरची गरज संपली तरी मुलगा जमिनीवर निरुपयोगी ठरू नये. पूर्वीचे हॅनवे मुलाला कपडे देऊन निरोप देत होते. हे हॅनवे त्याला आधी ठेवून घेऊन शिकवू पाहत होते, आणि नोकरी सुटल्यानंतरच्या दिवसाचाही विचार करीत होते. वयाच्या सत्तरीनंतर माणसाने आपल्याच कामाची उणीव ओळखून ते नव्याने मांडावे, हे आम्हांस त्यांच्या इतर सर्व कीर्तीहून मोठे वाटते.

सरकारने त्या शाळा काढल्या नाहीत. मग सोसायटीने आपल्या ऐपतीत बसेल तेवढे केले. १७८६ मध्ये तिने 'बीटी' नावाचे जुने व्यापारी जहाज घेतले, त्याला 'मरीन सोसायटी' हे नाव दिले आणि लंडनजवळ टेम्स नदीत डेप्टफर्ड येथे नांगरून ठेवले. मुलांनी त्यावरच राहायचे, जेवायचे, झोपायचे. मास्तरांकडून लिहिणे-वाचणे आणि अनुभवी खलाशांकडून शिडे, दोर, वल्ही व सुकाणू यांचे काम शिकायचे. मगच समुद्रावर जायचे. समुद्रावर जाण्यापूर्वीचे शिक्षण देणारे हे जगातील पहिले जहाज समजले जाते. त्याला निवासी शाळा म्हणण्यास आमची हरकत नाही.

त्याच १७८६ सालची दुसरी हकीकत आपल्या देशाशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हिंदी खलाशी लंडनला येत. इंग्लंडच्या कायद्यानुसार जहाजावरील तीनचतुर्थांश माणसे ब्रिटिश असावी लागत. त्यामुळे परतीच्या सफरीत या खलाशांना काम मिळणे कठीण होई. कित्येक जण लंडनच्या थंडीत, उपाशी, अर्धवस्त्र अवस्थेत रस्त्यावर पडून राहत. जानेवारी १७८६ मध्ये त्यांच्या मदतीसाठी वर्गणी गोळा होऊ लागली, एक समिती झाली. लवकरच लंडनमधील निराधार कृष्णवर्णीयांचाही तिने भार घेतला आणि हॅनवे तिचे अध्यक्ष झाले. अन्न, औषध, कपडे वाटले गेले. पुढे या लोकांना आफ्रिकेत सिएरा लिओन येथे वसवण्याची योजना निघाली. जहाजे हॅनवे यांच्या मृत्यूनंतर, १७८७ मध्ये सुटली आणि गेलेल्यांपैकी फार मोठा भाग तेथे मरण पावला. एकाच वर्षी, एकाच नदीकाठी, इंग्रज गरिबाच्या मुलाला खलाशी बनवण्यासाठी जहाज नांगरले जात होते. आणि तेच काम अंगी मुरलेला हिंदी खलाशी भिकेला लागला होता. कौशल्य असणे पुरेसे नसते, त्या कौशल्याला दार उघडे असावे लागते. ते दार उघडण्याची शक्ती धर्मादाय समितीजवळ नव्हती.

५ सप्टेंबर १७८६ रोजी हॅनवे लंडनमध्ये वारले. दोन वर्षांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर कोरलेल्या शिल्पात ब्रिटानिया ही देवतारूप स्त्री गरीब मुलांना कपडे देत आहे. शिल्पकाराने कपडेच कोरले, शाळा नाही. लोकांच्या आठवणीत ते कपडेच राहिले होते.

संस्था मात्र शिक्षणाच्या वाटेने पुढे गेली. एकामागून एक जहाजे आली. त्यांतील 'वॉरस्पाइट' हे नाव धारण करणारी जहाजे विशेष प्रसिद्ध झाली. दोन जळून गेली तरी काम थांबले नाही, आणि १९४० पर्यंत ही जहाजावरची शाळा टिकली. आज ती संस्था समुद्रावरील माणसांना पुस्तके, दूरशिक्षण आणि अभ्यासासाठी आर्थिक साह्य पुरवते.

आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या कोकणातील खलाशी परदेशी कंपन्यांच्या बोटींवर राबले, पण अधिकाऱ्याच्या जागा त्यांना बंद होत्या. १९२७ साली मुंबईत माझगावसमोर 'डफरिन' हे शिक्षण-जहाज नांगरले गेले तेव्हा हिंदी तरुणांना बोटीवरील अधिकारी होण्याचे शिक्षण स्वदेशात प्रथम मिळू लागले. १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि १९९३ मध्ये हे शिक्षण जहाजावरून उतरून नेरूळच्या 'चाणक्य' या किनाऱ्यावरील संस्थेत आले. आता ती भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय, इंग्रजीत बरे गुण, निकोप दृष्टी आणि प्रवेशपरीक्षा एवढ्यावर तेथील दार उघडते. पालकांनी ही माहिती दहावीच्या निकालापूर्वीच मुलामुलींच्या कानावर घालावी, कारण विषय निवडताना झालेली चूक नंतर सुधारता येत नाही.